सॅन्ट्रोवाल्यांची स्पोर्ट सेडान

गेल्या अंकात बोलण्याच्या ओघात मी एक वाक्य लिहून गेले होते: रोजच्या गाड्या करणाऱ्या कंपनीला मोठी आलिशान गाडी जमून जाते, पण छोटी आलिशान स्पोर्ट सेडान तिचा घाम काढते. हे वाक्य काहींना पटलं नाही, काहींना कळलं नाही, आणि एका गृहस्थांनी तर ‘बाईंनी नुसतं मत देऊ नये, दाखले द्यावेत’ असं पोस्टकार्डावर खरमरीत लिहून पाठवलं. पोस्टकार्ड अजून मिळतं याचाच मला आनंद झाला. तेव्हा या वेळी फक्त याच विषयावरची पत्रं घेते. बॅटरी उतरण्याची आणि काचेवर वाफ धरण्याची पत्रं पुढच्या अंकात.

मी चिंचवडला सुट्या भागांच्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. आमच्या घरची पहिली गाडी सॅन्ट्रो. त्याच ह्युंदाईने जेनेसिस जी७० नावाची गाडी काढली आणि तिची तुलना थेट बीएमडब्ल्यू ३ सिरीजशी होते असं वाचलं. मोठं इंजिन टाकलं, चामड्याच्या सीट लावल्या, मोठा स्क्रीन दिला की झालं ना? यात एवढं अवघड काय आहे?
— एक वाचक, चिंचवड

तुम्ही जी तीन कामं सांगितलीत ती तिन्ही पैशाने होतात. म्हणून ती सगळेच करतात आणि म्हणूनच त्यांनी फारसं काही सिद्ध होत नाही.

मोठी आलिशान गाडी आधी घेऊ. तिचा मालक बहुतेक वेळा मागे बसतो. त्याला शांतता हवी, पाय लांब करायला जागा हवी, खड्डा कळता कामा नये. पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं अंतर तीन मीटरच्या आसपास असलं की खड्डा निम्मा तिथेच विरतो. काच जाड करा, दारांना दुहेरी रबर लावा, सस्पेन्शन मऊ ठेवा. सचोटीने आणि काटेकोरपणे गाड्या बनवणाऱ्या कुठल्याही कंपनीला हे जमतं. टोयोटाने १९८९ साली लेक्सस एलएस ४०० काढली तेव्हा जर्मनांची झोप उडाली. ह्युंदाईने २००८ साली जेनेसिस नावाची मोठी सेडान काढली आणि पुढच्याच वर्षी तिला ‘नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर’ मिळालं. तेव्हा ती ह्युंदाई म्हणूनच विकली जात होती, जेनेसिस हे नुसतं मॉडेलचं नाव होतं.

आता छोटी गाडी बघा. टोयोटाला ३ सिरीजच्या मापाची, मागच्या चाकांवर चालणारी (म्हणजे इंजिनाची ताकद मागच्या चाकांना देणारी) सेडान आणायला १९९८ उजाडलं. जपानात ती अल्टेझा, बाहेर लेक्सस आयएस. ह्युंदाईची जी७० आली सप्टेंबर २०१७ मध्ये. दोघांनाही मोठ्या गाडीपासून छोट्या गाडीपर्यंत यायला नऊ वर्षं लागली. योगायोग असेल, पण माझ्या वाक्याला तो सोयीचा आहे.

एवढा वेळ का लागतो? छोट्या स्पोर्ट सेडानचा मालक स्वतः चालवतो. त्याचे हात स्टेअरिंगवर असतात, आणि बहुतेकदा याआधी कधी तरी त्याने ३ सिरीज चालवलेली असते. ती १९७५ पासून रस्त्यावर आहे. मर्सिडीज १९० आली १९८२ साली. म्हणजे स्टेअरिंग किती जड हवं, वळणात गाडी किती झुकावी, ब्रेकच्या पॅडलला पहिल्या सेंटिमीटरला काय लागावं, हे गिऱ्हाइकाच्या हातापायांना आधीच ठाऊक असतं. कागदावरच्या अश्वशक्तीने त्याची समजूत पटत नाही.

मी नोकरीतली बहुतेक वर्षं सस्पेन्शनच्या चाचणीत घालवली, त्यामुळे माझ्या आवडीचा एक भाग सांगते. तुम्ही क्वालिटीत आहात, रबराचा कडकपणा शोअरमध्ये मोजतात हे तुम्हाला सांगायला नको. सस्पेन्शनच्या आर्मच्या टोकाला जे रबरी बुश असतं ते थोडं कडक केलं की स्टेअरिंग नेमकं होतं, गाडी सांगाल तिथे वळते. पण त्याच बुशातून रस्त्याचा घरघराट सरळ केबिनमध्ये येतो. मऊ केलं की केबिन शांत होते, पण गाडी अर्धा क्षण उशिरा वळते. मोठ्या गाडीत तुम्ही निःशंकपणे मऊ बाजूला झुकता. नुसत्या स्पोर्ट गाडीत कडक बाजूला झुकता आणि आवाज झाला तर होऊ देता. छोट्या आलिशान स्पोर्ट सेडानच्या नावातच दोन्ही वचनं दिलेली आहेत आणि दोन्ही पाळायची आहेत, तीही पुढच्या सीटखाली, मागच्या सीटखाली कुठेच जास्तीची जागा नसताना. एका बुशाची ही कथा. असे पंधरावीस बुश, चार डॅम्पर (धक्के जिरवणारे), दोन अँटी-रोल बार (वळणात गाडीला झुकू न देणाऱ्या दांड्या), टायरची निवड, आणि एक बदललं की बाकीचं सगळं हलतं. कॉम्प्युटरवर बरंचसं होतं, पण शेवटी कुणीतरी एक माणूस गाडीत बसून ‘आता झाली’ असं म्हणावं लागतं. त्या माणसाची सही हा सगळ्यात महाग सुटा भाग.

ह्युंदाईकडे तो माणूस नव्हता. बाकी जवळजवळ सगळं होतं: समूहाचं स्वतःचं पोलाद (दांगजिनच्या भट्ट्या २०१० मध्ये पेटल्या), स्वतःचा आठ गिअरचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स, ३.३ लिटरचं दोन टर्बोंचं व्ही६, म्हणजे सहा सिलिंडरचं, इंजिन. मग त्यांनी माणसं आणली. बीएमडब्ल्यूच्या एम विभागात, म्हणजे वेगवान गाड्यांच्या विभागात, इंजिनिअरिंगचं काम पाहणारे आल्बर्ट बीअरमन २०१५ मध्ये आले. त्याआधी २००६ मध्येच ऑडीमध्ये नाव कमावलेले डिझायनर पीटर श्रायर ह्युंदाईच्याच समूहातल्या किआकडे आले होते. बेंटलीचे ल्युक डॉनकरवोल्क नंतर आले. जर्मनीत न्यूरबुर्गरिंगच्या ट्रॅकला लागून ह्युंदाईने चाचणी केंद्र उभारलं होतंच. पुढे २०१८ च्या अखेरीस बीअरमन यांना सगळ्या समूहाच्या संशोधन विभागाचं प्रमुख केलं गेलं. त्या खुर्चीवर बसणारे ते पहिले परदेशी. कोरियन कंपनीत, जिथे वरिष्ठांच्या पुढे कुणी ब्र काढत नाही असा आपला समज असतो, तिथे परक्या माणसाला ‘ही गाडी अजून झालेली नाही’ असं म्हणायचा अधिकार देणं, हे मला त्या व्ही६ इंजिनापेक्षा मोठं काम वाटतं.

आता ज्यांनी हा त्रास घेतला नाही त्यांचं काय झालं, तेही बघा. जनरल मोटर्सने १९८१ साली शेव्हरोले कॅव्हेलियर या आपल्याच साध्या गाडीवर साज चढवून ‘कॅडिलॅक सिमरॉन’ काढली. लोकांनी पहिल्याच नजरेत कॅव्हेलियर ओळखली. १९८८ मध्ये ती बंद झाली आणि कॅडिलॅकचं नाव त्यात बरंच खर्ची पडलं. फोर्डने जॅग्वार घेतल्यावर २००१ मध्ये एक्स-टाइप आणली, ती फोर्डच्याच रोजच्या मोंडिओच्या पायावर. सुरुवातीला सगळ्या एक्स-टाइप चारही चाकांवर चालणाऱ्या ठेवल्या, म्हणजे मोंडिओची आठवण कमी व्हावी. वर्षभरात पुढच्या चाकांवरची स्वस्त आवृत्ती काढली आणि स्वतःच झाकण उघडलं. गंमत अशी की २००८ मध्ये टाटांनी जॅग्वार विकत घेतली तेव्हा एक्स-टाइप अजून बनत होती. म्हणजे इंडिका करणाऱ्या आपल्या पिंपरीच्या कंपनीच्या पदरात एक फसलेली छोटी आलिशान सेडान आयती पडली. पुढे टाटांच्या काळात आलेली जॅग्वार एक्सई मात्र कुणाच्या उसन्या पायावर नव्हती: अॅल्युमिनियमचा नवा सांगाडा, मागच्या चाकांवर ताकद. चालवायला ती उत्तम होती. तरी २०२४ मध्ये तीही थांबली, कारण तोवर गिऱ्हाईक उंच गाड्यांकडे निघून गेलं होतं. सेडान चांगली केली म्हणून ती विकली जाईलच असं नाही. पण तो वेगळा विषय.

एक अपवाद सांगायलाच हवा, नाहीतर ते पोस्टकार्डवाले पुन्हा लिहितील. ऑडी. फोक्सवॅगनने ती १९६० च्या दशकात डाइमलर-बेन्झकडून घेतली तेव्हा तिचं नाव फार मोठं नव्हतं. १९७२ ची ऑडी ८०, १९८० ची क्वाट्रो, १९९४ ची ए४ अशा पायऱ्या चढत ती बीएमडब्ल्यू आणि मर्सिडीजच्या पंक्तीला, जर्मन तिघांत जाऊन बसली, तेही मूळ पुढच्या चाकांवरच्या बांधणीवर. पायऱ्यांमधली सालं बघा, म्हणजे वीसेक वर्षं लागली हे कळेल.

आम्ही एडिसनला राहतो. अहोंना किआ स्टिंगर घ्यायची आहे, सेकंडहँड, व्ही६. मला जेनेसिस जी७० आवडते. दोन्ही एकाच कंपनीच्या म्हणतात, मग फरक काय? दरवर्षी मे ते सप्टेंबर सासू-सासरे येतात हे लक्षात ठेवून सांगा. त्यांच्यासमोर मला बोलता येत नाही, पण मागे कोण बसणार हा खरा प्रश्न आहे.
— एक वाचक, न्यू जर्सी

प्रश्न अगदी बरोबर जागी ठेवलात.

दोन्ही गाड्या भावंडं आहेत. एकाच समूहाच्या, एकाच पायावरच्या, तेच ३.३ लिटरचं व्ही६, अमेरिकेत ३६५ अश्वशक्ती, तोच आठ गिअरचा ऑटोमॅटिक. फरक मापात आहे. स्टिंगरच्या चाकांमधलं अंतर २९०५ मिलिमीटर, जी७०चं २८३५. सत्तर मिलिमीटर, म्हणजे पावणेतीन इंच. हे पावणेतीन इंच जवळजवळ सगळे मागच्या माणसाच्या गुडघ्यांसमोरून गेलेले आहेत. जी७० मागे अरुंद आहे हे तिचं कौतुक करणाऱ्या परीक्षकांनीही एकमुखाने लिहिलं.

आता डिकी. तुमचे सासू-सासरे प्रत्येकी २३ किलोच्या दोन बॅगा घेऊन उतरत असतील, म्हणजे चार, शिवाय भाजणीची, मसाल्याची हातातली पिशवी. जी७०च्या डिकीत चार मोठ्या बॅगा मावणार नाहीत, हे इथे बसून सांगते. स्टिंगरचं मागचं दार काचेसकट वर उघडतं, त्यामुळे तोंड मोठं आहे आणि बॅगा एकमेकींवर रचता येतात. तरीही नेवार्क विमानतळावर जायच्या दिवशी शेजाऱ्यांची व्हॅन मागून घ्या. वर्षातून दोनदा शेजाऱ्याचा उपकार घेणं परवडतं.

दोन्ही गाड्यांची बैठक खाली आहे. आत बसताना माणूस उतरतो आणि बाहेर येताना चढतो. सासूबाईंचे गुडघे कसे आहेत ते मला माहीत नाही, पण टेस्ट ड्राइव्हला अहोंना एकट्याला पाठवू नका. ते ताशी साठ मैलांचा पिकअप बघून परत येतील. सासरे आत्ता तिकडे असतील तर त्यांना मागे बसवून न्या, नाहीतर स्वतः अहोंच्या मागे बसा, अहोंची सीट त्यांना हवी तशीच ठेवून. मी भाच्याकडे मिशिगनला गेले होते तेव्हा त्याची स्टिंगर चालवली. महामार्गावर लांब पल्ल्याला ती गाडी सुरेख आहे, स्वभावाने घाईची नाही पण वेगाची आहे. तुमच्या अहोंचा हट्ट मला समजतो.

पैशाचं: इंजिन-गिअरबॉक्सची दहा वर्षं किंवा एक लाख मैलांची जी हमी जाहिरातीत दिसते, ती पहिल्या मालकासाठी असते. गाडी दुसऱ्या हातात गेली की ती आखडते. कंपनीने स्वतः तपासून प्रमाणित केलेली जुनी गाडी घेतलीत तर नियम वेगळे लागतात. त्या गाडीचा प्रत्यक्ष कागद हातात घेऊन वाचा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका. किआ-ह्युंदाईच्या गाड्या चोरीला जातात हे ऐकून घाबरला असाल तर ती भानगड किल्ली फिरवून सुरू होणाऱ्या, इमोबिलायझर (खरी किल्ली ओळखल्याशिवाय इंजिन सुरू न होऊ देणारं यंत्र) नसलेल्या साध्या मॉडेलांची होती. या दोन्ही बटणाच्या आहेत. तरी विम्याचा हप्ता आधी विचारून घ्या.

स्टिंगर २०२३ मध्ये बंद झाली. म्हणून घेऊ नये असं नाही. इंजिन, गिअरबॉक्स, सस्पेन्शनचे भाग समूहाच्या इतर गाड्यांत चालले आहेत. पण बंपर, दिवे, दाराचे पत्रे तिचे तिचेच. अपघात झालेली स्टिंगर स्वस्तात मिळत असेल तर नको.

आणि हिवाळा. मागच्या चाकांवरची घेतलीत तर बर्फाचे टायर वेगळे ठेवावेच लागतील. चारही चाकांवरची घ्या. माझं मत विचाराल तर स्टिंगर. तुमच्या आवडीविरुद्ध मत देतेय, पण कारण तुम्हीच पत्रात लिहिलंय.

ह्युंदाईने ‘जेनेसिस’ हे वेगळं नाव का घेतलं? सोनं कुणाच्याही दुकानात सोनंच. ह्युंदाई म्हणून विकली असती तर लोकांनी घेतली नसती का?
— एक निवृत्त शिक्षक, सांगली

सर, सराफाकडे कसोटीचा दगड असतो. गाडीच्या गिऱ्हाइकाकडे तो नसतो, म्हणून ते पाटी वाचतं.

ह्युंदाईची पाटी अमेरिकेत कशी होती ते ध्यानात घ्या. १९८६ मध्ये एक्सेल नावाची स्वस्त गाडी घेऊन ते तिथे गेले. पहिल्या वर्षी लाखाच्या वर गाड्या विकल्या गेल्या आणि नंतर त्या इतक्या बिघडू लागल्या की रात्रीच्या टीव्ही कार्यक्रमांत विनोद होऊ लागले. ते नाव धुऊन काढण्यासाठीच १९९८ मध्ये दहा वर्षांची हमी जाहीर झाली. त्याच साली आपल्याकडे सॅन्ट्रो आली, आणि भारतात त्यांना हे ओझं कधी वाहावं लागलंच नाही. म्हणून आपल्याला हा प्रश्न पडतो, अमेरिकन माणसाला पडत नाही.

महागड्या गाडीला साधी पाटी लावून बघायचा प्रयोग दुसऱ्यांनी केलेला आहे. फोक्सवॅगनने २००२ मध्ये फेटन काढली, ड्रेस्डेनला काचेच्या भिंतींचा कारखाना बांधला. गाडी अप्रतिम होती. अमेरिकेत २००६ मध्ये विक्री थांबवावी लागली. फोक्सवॅगनच्याच साध्या पासाटच्या शेजारी उभ्या केलेल्या गाडीसाठी तेवढे पैसे द्यायला लोक तयार नव्हते.

कोरियन लोकांना हे स्वतःच्या घरात ठाऊक होतं. कोरियात २००८ च्या जेनेसिस सेडानवर ह्युंदाईचा तिरपा एच नव्हता, पंखांचं वेगळं चिन्ह होतं. स्टिंगरवरही कोरियात किआची अक्षरं न लावता वेगळंच चिन्ह लावलं होतं. म्हणजे आपलं नाव आपल्याच गल्लीत चालणार नाही हे त्यांना मान्य होतं. नोव्हेंबर २०१५ मध्ये जेनेसिस हा अधिकृतपणे वेगळा ब्रँड झाला.

पण नाव वेगळं केलं म्हणून दुकान वेगळं होत नाही. हा सगळ्यात शिकण्यासारखा भाग आहे, म्हणून थोडं लांबवते. अमेरिकेत बहुतेक गाड्या कंपनी थेट विकत नाही, परवानाधारक डीलर विकतो, आणि प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. जेनेसिस वेगळी झाल्यावर ती कोणते ह्युंदाई डीलर विकणार, कोणते नाही, यावरून वाद झाला. राज्याराज्यांत नवे परवाने काढावे लागले. जेनेसिसची अमेरिकेतली विक्री २०१७ मध्ये २० हजारांच्या आसपास होती, ती २०१८ मध्ये १० हजारांवर आली. त्याच २०१८ च्या शेवटी ‘मोटर ट्रेंड’ मासिकाने जी७०ला वर्षाची सर्वोत्तम गाडी ठरवलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये ‘नॉर्थ अमेरिकन कार ऑफ द इयर’ही तिलाच मिळालं. पुरस्कार घरात आणि गाडी दाखवायला शोरूम नाही, अशी अवस्था. ही गाडी सुरुवातीला ३४,९०० डॉलरला होती, त्याच सुमाराची बीएमडब्ल्यू ३३०आय ४०,२५० डॉलरला. पाच हजार डॉलर स्वस्त, बक्षीसपात्र, आणि तरीही घ्यायला कुठे जायचं ते ठाऊक नाही.

पुढे आकडा सुधारला. २०२३ मध्ये जेनेसिसने अमेरिकेत सुमारे ६९ हजार गाड्या विकल्या. त्यात मोठा वाटा जीव्ही७० आणि जीव्ही८० या एसयूव्हींचा. सेडानने नाव कमावून दिलं आणि एसयूव्हीने गल्ला भरला. किआच्या पाटीखाली राहिलेली स्टिंगर तेवढ्यात बंद झाली होती, म्हणजे तुमच्या प्रश्नाचं निम्मं उत्तर किआने परस्पर दिलं.

रिअर-व्हील ड्राइव्हला सगळे एवढं का डोक्यावर घेतात? मी मेकॅनिकलला दुसऱ्या वर्षाला आहे. परीक्षेपुरतं नको, खरं सांगा.
— एक विद्यार्थी, नागपूर

तू अॅक्सिलरेटर दाबलास की वजन मागे सरकतं. मागच्या टायरांवरचा भार वाढतो, म्हणजे त्यांची पकड वाढते, पुढच्यांची घटते. ताकद नेमकी मागे पाठवली असेल तर ती पकड कामी येते आणि पुढची चाकं फक्त वळायला मोकळी राहतात. पुढच्याच चाकांना ओढायलाही लावलं आणि वळायलाही, तर जास्त ताकदीला स्टेअरिंग हातात ओढ घेतं. अडीचशे अश्वशक्तीपर्यंत हुशार डिफरन्शियल (दोन चाकांत ताकद वाटणारा भाग) लावून सांभाळता येतं, त्यापुढे जड जातं. शिवाय इंजिन उभं, म्हणजे गाडीच्या लांबीच्या दिशेने, बसवलं की ते पुढच्या एक्सलच्या मागे सरकवता येतं आणि पुढचं-मागचं वजन बरोबरीला आणता येतं.

किंमत काय मोजावी लागते तेही लिहून ठेव: बॉनेट लांब होतं, मधून ताकद मागे नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचा बोगदा जातो, मागे मधे बसणाऱ्याचे पाय अवघडतात, गाडी जड होते, खर्च वाढतो. म्हणून साधी कंपनी पुढच्या चाकांवरच्या गाड्या करते, आणि तिला स्पोर्ट सेडान करायची झाली तर पाया नव्याने घालावा लागतो. ही गुंतवणूक टाळायची म्हणूनच सिमरॉनसारखे आडमार्ग निघतात. वरचं पहिलं उत्तर वाच.

एवढं सांगून एक गोष्ट. नुसत्या मागच्या चाकांनी गाडी स्पोर्टी होत असती तर अॅम्बॅसिडर आणि पद्मिनी दोन्ही स्पोर्ट सेडान ठरल्या असत्या. तुझ्या आजोबांना विचार.

जेनेसिस भारतात येणार का? तळेगावला ह्युंदाईचा कारखाना झाला म्हणतात, तिथे जी७० बनेल का?
— एक वाचक, नाशिक

तळेगावचा कारखाना पूर्वी जनरल मोटर्सचा होता, ह्युंदाईने तो घेतला, हे खरं. पण तिथे जी७० बनेल असं मला वाटत नाही. तो मोठ्या संख्येने खपणाऱ्या गाड्यांसाठी घेतलेला आहे. जेनेसिस भारतात आणण्याचा इरादा कंपनीने जाहीर केला आहे, २०२७ हे साल सांगितलं आहे. पहिली येईल ती एसयूव्हीच असेल असा माझा अंदाज.

सेडानचं गणित आपल्याकडे कठीण आहे. पूर्ण तयार महागडी गाडी आयात केली की कर मूळ किमतीएवढा किंवा त्याच्यावर जातो. म्हणून मर्सिडीज सी-क्लास चाकणला जुळवते, बीएमडब्ल्यू चेन्नईजवळ, ऑडी छत्रपती संभाजीनगरला. सुटे भाग आणून इथे जुळणी करायची तर संख्या हवी, आणि छोट्या आलिशान सेडानची संख्या इथे आधीच तिघांत वाटलेली आहे. चौथ्याच्या वाट्याला काय येणार?

सातारा भागात २००४ ची स्कोडा ऑक्टेविया आरएस विकायला आहे. मालक म्हणतात भारतातली पहिली टर्बो पेट्रोल, आता ‘क्लासिक’ झाली. घ्यावी का? तुमच्या भाषेत ही छोटी स्पोर्ट सेडान म्हणायची का?
— एक वाचक, कोरेगाव

माझ्या व्याख्येत ती काठावर बसते. पुढच्या चाकांवरची, आलिशान म्हणावी एवढी नाही. पण साध्या कंपनीने आपल्या नेहमीच्याच सेडानला मनापासून तयार केल्याचं भारतातलं पहिलं ठळक उदाहरण तीच. १.८ लिटर टर्बो, १५० अश्वशक्ती. आज हॅचबॅकही १२० देतात, पण २००४ साली पुणे-सातारा रस्त्यावर त्या गाडीला ओव्हरटेक करताना पाहिलेली माणसं अजून तिचं नाव काढतात. याच नावाची आरएस २०२० मध्ये दोनशे आणि २०२५ मध्ये फक्त शंभर आली, पन्नास लाखांच्या घरात, आणि हातोहात संपली. त्यामुळे जुनीचे मालकही आता भाव चढवून सांगतात. ‘क्लासिक’ या शब्दाचे वेगळे पैसे देऊ नका.

आधी कागद. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांनी वाढवायची. म्हणजे २०१९ मध्ये एकदा आणि २०२४ मध्ये एकदा असं दोनदा नूतनीकरण आरसी बुकात दिसलं पाहिजे, आणि पर्यावरण कर भरल्याच्या पावत्या. वीस वर्षांवरच्या गाडीला शुल्कही जास्त लागतं. एक जरी चुकलं असेल तर आरटीओच्या चकरा तुमच्या नावावर लागतील.

मग इंजिन. गाडी रात्रभर उभी असताना सकाळी पहिल्यांदा तुमच्यासमोर सुरू करायला लावा. मालकाने तुम्ही पोचायच्या आधीच गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी परत जा. निळा धूर आला तर टर्बोचं सील किंवा पिस्टनच्या रिंगा गेल्या समजा. ऑइल फिलरचं झाकण उघडून आत बोटाने बघा, चिकट काळा गाळ असेल तर सोडून द्या. झटके देत असेल तर बहुधा इग्निशन कॉइल, तो किरकोळ खर्च. आणि या इंजिनाला टायमिंग बेल्ट आहे, चेन नाही. तो तुटला की व्हॉल्व्ह वाकतात आणि हेड उघडावं लागतं. बेल्ट आणि त्याबरोबर वॉटर पंप कधी बदलला याची गॅरेजची पावती मागा. ‘बदललाय, काळजी करू नका’ असं तोंडी सांगितलं तर नाही बदलला असं धरून चाला, तो खर्च सांगितलेल्या किमतीतून वजा करा आणि मगच आकडा बोला.